जित्या माणसाचा दुखवटा

तळेगाव ढमढेरे,
२१ जानेवारी १९९९

प्रिय सखी प्रतिभा हिस रंगूचा स. न. वि. वि.

पत्राची सुरुवात कशी करावी तेच कळत नाही. शाळेत निबंध तू लिहायचीस आणि मी उतरवायचे, म्हणून रंगूला आजही अडतं, असं म्हणून तू हसशील. पण आज खरंच हात चालत नाही गं. तुझी आई, माझ्या तानुमावशी, गेल्या आणि तू मला चार ओळीसुद्धा घातल्या नाहीस? बंगलोर लांब आहे, पण पोस्ट तिथंही असेलच की.

परवा तुझ्या भाचीचा, मोनिकाचा साखरपुडा झाला, केंदूरच्या हौसरावांच्या रविराजशी. फुलं आमच्या मळ्यातली. तुझे दादा, संपतभाऊ आधीच येऊन सांगून गेले होते, दोघांचे हार, वेण्या आणि फोटोसाठी शेवंतीचे दोन मोठे हार. मला वाटलं, एक तुझ्या वडिलांच्या फोटोला आणि एक देवाला. मी स्वतः बसून ओवले. आमच्या यांना ताप होता, म्हणून जीपमध्ये पाट्या टाकून मीच तुमच्या निमोण्याच्या वस्तीवर गेले. सोप्यात पाय ठेवला, तर भिंतीवर तुझ्या वडिलांच्या, तात्याबांच्या शेजारी मावशींचा फोटो. खाली उदबत्ती लावलेली, आणि संपतभाऊ माझ्याच पाटीतला हार उचलून त्या फोटोला घालत होते. माझ्या हातातली दुसरी पाटी खाली पडली, सगळी फुलं जमिनीवर.

तुझ्या वहिनींनी, कस्तुराबाईंनी, मला दंडाला धरून आत नेलं. शुभकार्य आहे, डोळे पुसा, म्हणाल्या. मावशी कधी गेल्या विचारलं, तर चुलीकडंच बघत राहिल्या. केंदूरच्या एका बाईनं सांगितलं, की आषाढात गेल्या. पण प्रतिभा, दसऱ्याला संपतभाऊ झेंडू न्यायला आले, तेव्हा मावशींनी माझ्यासाठी हुलगे पाठवले होते! ते हुलगे अजून डब्यात आहेत. माझंच डोकं फिरलंय का?

मी न जेवता परत आले. तुला आता आई नाही न् वडील नाहीत, हे मनातून जात नाही. सुट्टीत आलीस की सरळ माझ्याकडं ये. आपलं लहानपणापासूनचं जे आहे ते असंच राहू दे.

तुझी
रंगू

——

बंगलोर,
२७ जानेवारी १९९९

ती. स्व. दादास प्रतिभाचा सा. न. वि. वि.

आज दुपारी रंगूचं पत्र आलं. तार केली आहे, ती या पत्राच्या आधी तुझ्या हातात पडेल. तरीही लिहिते आहे, कारण लिहिलं नाही तर मला काही तरी होईल.

आईला काय झालं?

गावात शंकररावांच्या दुकानात फोन लावला होता. मी नाव सांगितलं, आईला नाहीतर दादाला बोलवा म्हटलं.  शंकरराव म्हणाले, की ते यात काही बोलणार नाहीत, घरच्यांनाच विचारा. आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचललाच नाही.

दादा, डिसेंबरच्या पत्रात तू लिहिलं होतंस, की आई हवापालटासाठी भीमेपलीकडं मामांच्या वस्तीवर गेली आहे. तिला पत्र लिहिलं तर उत्तर आलं नाही. मला वाटलं, लिहून द्यायला कोणी सापडलं नसेल. ती तिथंच आजारी पडली का? मी इथं वर्षभराच्या संशोधनासाठी आले म्हणजे माझं घराशी नातं तुटलं, असं तुम्ही ठरवलंत का? साखरपुडाही मला रंगूच्या पत्रातून कळावा?

आई गेली असेल, तर मला शेवटचं तोंड का दाखवलं नाहीत? आणि गेली नसेल, तर त्या फोटोला हार कसा? हा दुसरा प्रश्न लिहायला मला जड जातो आहे. पहिल्यापेक्षा जास्त.

काहीही असो, खरं ते लिही. धाकट्या बहिणीवर जो जीव लावत आलास, तो आज आटवू नकोस.

तुझी
प्रतिभा

——

निमोणे,
३ फेब्रुवारी १९९९

चि. प्रतिभास संपतचे अ. उ. आ.

आई खुशाल असल्याची माझी तार पोचली असेल. ती मामांकडंच आहे. अंगात ताप नाही, खोकला नाही. तू घाबरलीस त्याबद्दल वाईट वाटलं.

आता खरं काय ते लिहितो. मे महिन्यात तू आलीस तेव्हा आईच्या मनगटावर पांढरा डाग बघितला होतास. तव्याचा चटका बसला, असं तिनं तुला सांगितलं होतं. तो चटका नव्हता. कोड निघालं. पावसाळ्यात दोन्ही हात भरले, मग ओठाच्या कडा, मग डोळ्याच्या खाली. शिरूरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, जिवाला धोका नाही, दुसऱ्याला लागत नाही, कुणालाही होऊ शकतं. पण डॉक्टर सोयरीक जमवायला येत नाहीत.

मोनिकाला दोन स्थळं आली. पहिले पाहुणे अंगणात आले, ओट्यावर आई बसली होती, तिला बघून दारातूनच माघारी गेले. दुसऱ्यांनी निरोप धाडला, की पोरगी पसंत आहे, पण घराण्यात डाग आहे. गावात कुजबुज सुरू झाली. तू शहरात राहतेस, तुला ही कुजबुज कशी असते ते आता आठवत नसेल.

मग केंदूरचे हौसराव आले. भला माणूस. पोरगा रांजणगावच्या कंपनीत कायम झालाय. त्यांनी सहज विचारलं, आई कुठं दिसत नाहीत. माझ्या तोंडून निघून गेलं, की ती राहिली नाही. एकदा निघालं ते मागं घेता येईना. त्यांनी विचारलं, कधी. मी म्हणालो, आषाढात. पुढं साखरपुड्याला फोटो नसता तर दिसलं असतं, म्हणून लावला. भावकीतली चार माणसं होती, त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. सोयरीक मोडायला कुणी बोलत नसतं.

मे महिन्यात लग्न उरकलं की पुढं बघू. आईची यात मर्जी आहे, तिलाच विचार. पण तू मध्ये पडू नको. तुझं शिक्षण पुस्तकात बरोबर असेल, माझ्या घरात पोरगी उभी आहे. एवढं समजून घे आणि भावावर राग धरू नको.

तुझा
संपतदादा

——

बंगलोर,
१० फेब्रुवारी १९९९

प्रिय रंगूस स. न. वि. वि.

आई जिवंत आहे. तुझे हुलगे खरे, रंगू, आणि डोकंही जागेवर आहे.

दादाची तार आली तेव्हा मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले आणि मग सगळ्या मजल्याला म्हैसूरपाक वाटला. कोणाला कारण सांगितलं नाही, सांगणार तरी काय, की माझी आई मेली नाही म्हणून तोंड गोड करा? पण पाच-सहा दिवसांनी दादाचं पत्र आलं. आईला कोड आलं म्हणून, मोनिकाचं लग्न जमावं म्हणून, त्यानं पाहुण्यांना ती मेली असं सांगितलं. तू हार ओवलास तो जित्या माणसाचा होता. हे तुला कसं सांगावं याचा दोन दिवस विचार केला, पण तू मला लपवाछपवी न करता लिहिलंस, मग मीही लपवत नाही.

मी नक्की काय शिकवते आणि काय शोधते, असं तू नेहमी थट्टेनं विचारतेस ना? तर ऐक. गेल्या वर्षी मी दौंडला रेल्वेच्या पलीकडं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी महिनोन्‌महिने बोलत होते. कुणाचा महारोग बरा होऊन वीस वर्षं झालेली, कुणाला कोड, कुणाला मिरगी. सगळी घराबाहेर पडलेली. आणि जवळजवळ प्रत्येकानं मला पहिलं वाक्य तेच सांगितलं, की घरच्यांचा दोष न्हाई बाई, मीच निघाले. मी त्यावर मोठा निबंध लिहिला. माणसाला डाग बाहेरून लावतात, पण म्हातारपणी तो माणूस स्वतःच तो डाग जपायला लागतो, असं काहीसं. सभेत वाचला, टाळ्या मिळाल्या. आणि आता दादा लिहितो, आईची मर्जी आहे.

मला पुढचं सुचत नाही, रंगू. मानसशास्त्राची प्राध्यापक म्हणवते, आणि चार दिवस झाले, नुसती भिंतीकडं बघत बसले आहे.

हौसरावांना सगळं खरं लिहून पाकिटात घातलं आहे. टाकलेलं नाही. आधी आईला विचारते. मामांच्या पत्त्यावर तिला वेगळं पत्र लिहिलं आहे.

तुझ्या यांचा ताप उतरला का ते कळव. तुझ्यासारखं माणूस मला दुसरं नाही, याची आठवण ठेव.

तुझी
प्रतिभा

——

मामांची वस्ती, ता. दौंड,
२० फेब्रुवारी १९९९

चि. प्रतिभास आईचे लाख आशीर्वाद.

लेकी, तुजं पत्र मामाच्या सुनंनं वाचून दावलं. मी सांगते तसं ती लिहिती हाय. मी मेले न्हाई, जितीच हाय. भाकर खाते, शेळ्या राखते, सांच्याला भीमंच्या कडंनं फिरवून आनते. तू उगी जिवाला घोर लावू नगं.

संपतला बोल लावू नगंस. त्याच्या त्वांडून निघालं, पर आदी ते माज्या त्वांडून निघालं व्हतं. दुसरी सोयरीक मोडली तवा मोनी जेवंना, बोलंना. तवा मीच म्हनले, म्हाताऱ्या मानसाचं काय, मेली म्हना आन् मोकळं व्हा. पर प्रतिभा, खरं सांगू का? मला वाटलं व्हतं, संपत म्हनंल, आई असं वंगाळ बोलू नगं. त्यो कायबी बोलला न्हाई. खाली बघून बसला. तवा मी उठले आन् बोचकं बांदलं.

तू ईचारतीस, मला काय वाटतं. काय वाटायचं? आपल्या मेंढरात पांढऱ्या ठिपक्याचं कोकरू निघालं, की तुजा बाप त्याला इकत नव्हता. ह्ये द्येवाचं हाय म्हनायचा. मानसाला तसं कुनी म्हनत न्हाई, येवढंच.

फोटू कंचा लावलाय ते रंगीला ईचारून कळीव. जेजुरीला काढल्याला आसंल तर चांगला हाय. त्यात माजं त्वांड समदं येका रंगाचं हाय.

हौसरावाला पत्र घालू नगं. घातलंस तर माजं मेल्यालं त्वांड बघशील. पोरीचं लगीन व्हऊ दे. अक्षदा काय, मी हितनंबी टाकीन.

जेवत जा. मायेत कमी करू नगं.

तुजी आई
तानुबाई

ता. क. : ताई, मी मामांची सून. आत्याबाई हे लिहू नको म्हणाल्या, पण लिहिते. घरात पाहुणे आले की त्या आपल्या आपण उठतात आणि शेळ्यांच्या खोपीत जाऊन बसतात. त्यांचं ताट त्या स्वतःच वेगळं घासून वेगळं ठेवतात. माझ्या धुरपदा सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या मामींनी, किंवा आम्ही कोणी तसं सांगितलेलं नाही. बोलवायला गेलं की म्हणतात, मी मेलेय ना, मग मेल्यासारखं राहायला नको का? आणि हसतात. मला त्या हसण्याचं भ्या वाटतं.

——

निमोणे,
८ मार्च १९९९

ती. आत्यास मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, माझं लग्न मोडलं. मी मोडलं. आण्णा दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत, आई नुसती रडते आहे. तुला सगळं नीट सांगते.

परवा हौसरावमामा आणि मामी आमच्याकडं आले. लग्नाआधी दुखवटा काढला पाहिजे, म्हणाले. आण्णांना टोपी-टॉवेल आणि आईला लुगडं घेऊन आले होते, आजी गेल्याचं. आण्णा नको नको म्हणत होते, पण नको तरी कोणत्या तोंडानं म्हणणार? सोबत त्यांची म्हातारी आई होती, बानूबाई. गुडघे धरल्यामुळं साखरपुड्याला आली नव्हती. तिला खुर्चीवर बसवलं. तिनं वर भिंतीकडं बघितलं आणि विचारलं, की ही तात्याबाची तानू हाय काय?

आत्या, त्या दोघी नव्या नवऱ्या असताना मेंढरं घेऊन एकाच तळावर कोकणात उतरायच्या. बानूबाईच्या पहिल्या बाळंतपणात रानात दुसरी बाई नव्हती, आजीनंच हौसरावमामांची नाळ कापली होती. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. नंतर कळप वेगळे झाले, शेती आली, गाठ पडली नाही. म्हातारीनं फोटोकडं बघून जे रडायला सुरुवात केली, ते ऐकवत नव्हतं. ओव्या म्हणाव्या तसं एकेक आठवून रडत होती. तानू, तुज्या हातचं दूध पिऊन माजं लेकरू वाचलं, आन् तुला मूठभर माती द्यायला मी आले न्हाई. हौसरावमामाही डोळे पुसायला लागले. आणि आण्णांनी ती टोपी डोक्यावर घातली.

ती टोपी घातलेली बघून मला काय झालं कळलं नाही. मी सगळ्यांच्या मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, की आजी जिती हाय. आण्णांच्या मामांकडं हाय. तिला कोड आलंय म्हणून आम्ही तिला मारली.

 बानूबाईचं रडणं तोंडातच राहिलं. मग हौसरावमामा उठले. म्हणाले, कोड हाय म्हणून सांगितलं असतं तर आम्ही विचार केला असता; पण जित्या आईला हार घालणाऱ्या घरात मी पोरगा देत न्हाई. उद्या माझ्या पोराला तुम्ही काय काय सांगाल? खूप खरं बोलले. पण आत्या, ते हे बोलत होते तेव्हा मामींनी माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट उलटंसुलटं करून बघितलं. म्हणून मला कळत नाही, विचार केला असता म्हणजे काय केला असता.

ते जीपमध्ये बसले, पण बानूबाई बसेना. तिनं काठी आपटून सांगितलं, की आधी मला तानूकडं न्या. हौसरावमामा तिच्यावर ओरडले, तरी ऐकेना. शेवटी जीप केंदूरला न जाता दौंडच्या रस्त्याला लागली. पुढं काय झालं मला अजून कळलेलं नाही.

आत्या, रविराज मला आवडले होते. हे फक्त तुला लिहिते. मी चुकले का? तू पाडव्याला ये. इथं माझ्याशी बोलायला कुणी नाही. तुझी सावली अशीच डोक्यावर असू दे.

तुझी
मोनिका

——

निमोणे,
२२ एप्रिल १९९९

चि. प्रतिभास संपतचे अ. उ. आ.

तू पाडव्याला येऊन गेलीस, मला नाही नाही ते बोललीस, ते सगळं मी ऐकून घेतलं. आईला बंगलोरला न्यायला मामांच्या वस्तीवर गेलीस, ती आली नाही. मग मी न्यायला गेलो, माझ्याबरोबरही आली नाही. मला म्हणाली, मेल्यालं मानूस घरी येत नसतं, घरच्याला बाधा व्हती. रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती शेळीला पाला घालता घालता म्हणाली. 

तू गेल्यावर काय झालं ते लिहायचं आहे. आठवड्यापूर्वी मामांचा निरोप आला, की त्या दिवशी वस्तीवर येऊन आईला भेटलेल्या बानूबाईनं आता जीप पाठवून तिला केंदूरला नेलं. ज्या घरानं माझी पोरगी नाकारली त्या घरात माझी आई पाहुणी! मला आधी राग आला. मग भीती वाटली. तिथं तिचा कुणी अपमान केला तर? मी तसाच निघालो.

अंगणात गेलो तर दोघी म्हाताऱ्या एका बाजेवर बसल्या होत्या. आईनं हात पदरात लपवलेले नव्हते. हौसराव घरात होते, ते बाहेर आले नाहीत. त्यांची बायको दारातून बघत होती. बानूबाईनं मला विचारलं, कुनाला न्यायला आलास? आईला, म्हणालो. तर म्हणाली, तू तर तुज्या आईचा दुखवटा घेतलास, टोपी घातलीस, मंग ही कोन?  प्रतिभा, चाळीस माणसांच्या पंगतीत वाढताना कधी लाजलो नाही, पण त्या अंगणात मला स्वतःचे पाय कुठं ठेवावे कळेना. मी आईच्या पायांवर डोकं ठेवलं. रडलो. लोक बघत होते. बघू दे.

आई बाजेवरून उठली. मग बानूबाईला म्हणाली, जाते गं. मी जीप बोलवतो म्हणालो, मागच्या रस्त्यानं सरळ वस्तीवर उतरू. ती म्हणाली, जीप नगं. यष्टीनं जाऊ, आन् गावात उतरू.

मला तिचा बेत तेव्हा कळला नाही. निमोण्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा भर दुपार, पारावर माणसं बसलेली. तिनं डोक्यावरचा पदर मागं घेतला, तोंड उघडं ठेवलं आणि माझा हात धरला. तसं हातात हात धरून तिनं मला पेठेतून नेलं. लहानपणी शाळेत सोडायला नेताना धरायची तसं. खोटं लिहीत नाही, पहिली काही पावलं मला हात सोडवून घ्यावासा वाटला. सगळे बघत होते. शंकरराव दुकानातून उठून बाहेर आले, त्यांच्या हातातून वजन खाली पडलं. त्यांनी विचारलं, तानुबाई, तुमी कवा आला? आई थांबली. म्हणाली, मी कुटं गेले व्हते? आणि माझ्याकडं बघितलं. मला बोलायला लावलं तिनं. मी सगळ्यांच्या समोर सांगितलं, की कुठं गेली नव्हती, मीच खोटं बोललो होतो. तेव्हा तिनं हात सोडला. घरापर्यंत पुढं एकटी चालत गेली, मी मागून.

आता घरी आहे. मोनिका रात्रंदिवस तिच्याजवळ असते. आल्या आल्या आईनं बोचक्यातलं तिचं ते वेगळं ताट तुझ्या वहिनीच्या भांड्यांत मिसळून टाकलं. वहिनी काही बोलली नाही, पण पहिले दोन दिवस सगळीच भांडी दोनदा घासत होती. तिसऱ्या दिवशी बंद केलं. लिहितो, कारण तू विचारशील.

केंदूरचं पुन्हा जमेल असं मनात आणू नको. रविराजचं दुसरीकडं ठरलं, असं ऐकतो. मोनिकाला सांगितलं, तर तिनं नुसतं बरं म्हटलं आणि विहिरीवर गेली.

परवा वडगावचं एक स्थळ बघायला आलं. मी आईला आत बसायला सांगितलं नाही, कुणीच सांगितलं नाही. तिनंच चहा केला आणि तिनंच आपल्या हातानं सगळ्यांना कप दिले. मुलाच्या बापानं कप घेतला, खाली ठेवला आणि शेवटपर्यंत हात लावला नाही. मुलाच्या चुलत्यानं सगळा चहा प्यायला आणि वर अजून मागितला. ते गेल्यावर मी ओट्यावर तसाच बसून राहिलो. आई आली, गार झालेला चहा जास्वंदीच्या मुळाशी ओतला, कप विसळला आणि परत फळीवर पालथा घालून ठेवला. म्हणाली, उद्याच्याला दुसरं कुनी येईल.

तू आता रागवायची थांब आणि आईला पत्र घाल. ती पोस्टमनची वाट बघत ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसते. भाऊ म्हणून माझी जी काही जागा तुझ्याकडं उरली असेल, ती मोडू नको.

तुझा
संपतदादा